क्वांटमच्या आधी चौथा धडा

क्वांटम संगणकाचे घोडे अडते ते चुकांपाशी. माहिती धरून ठेवणारा त्याचा घटक, म्हणजे क्युबिट, इतका नाजूक असतो की भोवतालच्या किंचित उष्णतेनेही स्थिती बदलतो. म्हणून अतिवाहक क्युबिट निरपेक्ष शून्याच्या जेमतेम 10 ते 20 मिलिकेल्विन वर ठेवतात. तरीही चुका होतातच. त्या जोखण्याचे एक साधन उष्मागतिकी हे आहे: राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रातला चौथा धडा, आणि रसायनशास्त्रातलाही चौथाच.

हिशेब बारावीच्या आवाक्यातला आहे. 5 गिगाहर्ट्झच्या क्युबिटच्या दोन पातळ्यांमधले ऊर्जेचे अंतर तापमानात मांडले तर सुमारे 240 मिलिकेल्विन भरते. तापमान 15 मिलिकेल्विन असेल, तर बोल्ट्झमनच्या सूत्राप्रमाणे क्युबिट आपोआप वरच्या पातळीवर सापडण्याची शक्यता साधारण कोटीत एक. मोजणीत ती हजारात आठ निघाली, तर तापमापी काहीही म्हणो, क्युबिट 50 मिलिकेल्विनवर आहे आणि कुठून तरी उष्णता झिरपते आहे. इथे चूकच तापमापीचे काम करते.

2018 मध्ये गार्दास आणि डेफ्नर यांनी याच्या पुढची कसोटी डी-वेव्ह कंपनीच्या यंत्रांना लावली. यंत्र बाहेरच्या उपद्रवापासून मुक्त असेल, तर त्याच्या उत्तरांवरून काढलेली एक सरासरी ठरावीक किमतीलाच यायला हवी. ती ढळली की यंत्रात गडबड आहे. यंत्र न उघडता शितावरून भाताची परीक्षा.

वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्यासारख्या गावात मात्र निकालानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: ‘पोराला एआयला टाकू का कॉम्प्युटरला?’ आता त्यात ‘क्वांटम’ची भर पडली आहे. पोर म्हणजे पोते नव्हे, कुठे तरी टाकायला. काही आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्राने क्वांटम येत नाही. नुसती पाटी बदललेल्या पदवीनेही नाही. अकोल्याच्या शिकवणीची फी भरली म्हणून भौतिकशास्त्रात रमणाऱ्या मुलीला बळेच कॉम्प्युटर शाखेत बसवणे, हा त्या फीपेक्षा मोठा तोटा आहे.

काम महाराष्ट्रातच चालू आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि डीआरडीओची पुण्यातील प्रयोगशाळा यांनी टीसीएसच्या साथीने 6 क्युबिटचा अतिवाहक प्रोसेसर तयार केला. त्याची चाचणी पूर्ण झाल्याचे ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर झाले. त्याआधी, 19 एप्रिल 2023 रोजी, केंद्राने 6,003.65 कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले होते.

इंजिनिअरिंगची वाट सर्वांना पाठ आहे. दुर्लक्षित वाट साध्या बी.एस्सी.ची: जिल्ह्यातल्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र आणि गणित, मग ‘जॅम’ परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी. बारावीनंतर थेट पुण्याच्या आयसरमध्ये जायचे, तर ‘आयएटी’ द्यावी लागते. पीएच.डी.पर्यंत दहाएक वर्षे जातात. ती घरात आधीच बोलून घ्यावीत. एवढा काळ थांबणे शक्य नसलेल्यांसाठीही जागा आहे. क्युबिटना इतके थंड ठेवणारे शीतयंत्र हेलियम-3 आणि हेलियम-4 यांच्या मिश्रणावर चालते, आणि निर्वात पंप, गळती शोधणे, वायूच्या नळ्या हे सगळे कुशल हातांचे काम आहे. तिथे मेकॅनिकलचा डिप्लोमा उपयोगी पडतो.