‘धम्म’ या शब्दाचे बारा बाइट

संगणक अक्षर ओळखत नाही. तो आकडे ओळखतो. कोणत्या आकड्याने कोणते अक्षर समजावयाचे, हे पाठविणाऱ्याने व वाचणाऱ्याने आधी ठरवून घ्यावे लागते. या ठरावास वर्णसंकेतन म्हणतात.

‘धम्म’ हा शब्द घेऊ. डोळ्यांना दोनच अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबी ती चार चिन्हे होत: ध, म, हलन्त, म. केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. साध्या रोमन अक्षरास एक पुरतो. एकट्या ‘ध’चे आकडे २२४, १६४ आणि १६७. हेच आकडे लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय कोष्टकाने वाचले, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, चलनाची खूण आणि कायद्याच्या कलमाची खूण उमटते. असा गिचमिड मजकूर वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. तो नष्ट झालेला नसतो; चुकीच्या कोष्टकाने वाचलेला असतो. (त्याजागी प्रश्नचिन्हे आली आणि फाइल तशीच जतन केली, तर मात्र मूळ आकडे गेलेच.)

मिनेसोटा विद्यापीठात १९९१ साली निर्माण झालेला गोफर हा अत्यंत हलका प्रोटोकॉल. एका ओळीची मागणी, त्यावर उत्तर, की संवाद संपला. त्याच्या १९९३ च्या लेखी नियमांत, सूचीतील नावांत आठ बिटांची चिन्हे वापरलीच तर ती लॅटिन-१ मधील असावीत, असे सांगितले आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. परंतु ‘हा मजकूर अमुक कोष्टकाने वाचावा’ असे कळविण्यास गोफरच्या उत्तरात जागाच नव्हती. त्यात दुष्टावा नव्हता. वाचणारा आपल्याच लिपीचा असेल, एवढे गृहीत धरलेले होते. आणि त्याचा हलकेपणा काही अंशी त्या गृहीतकावरच उभा होता.

२०१९ मध्ये आलेला जेमिनीही असाच हलका आहे. मात्र त्याच्या उत्तराच्या पहिल्याच ओळीत कोष्टक आणि भाषा सांगता येते. कोष्टक न सांगितल्यास यूटीएफ-८ समजले जाते. यासाठी पडणारा भार मोजक्या बाइटांचा.

तरीही एक कुंपण उरते. जेमिनीत पत्ता १०२४ बाइटांहून मोठा चालत नाही, आणि शोधावयाचे शब्द पत्त्यालाच जोडले जातात. तेथे देवनागरीचा प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अंकचिन्हे अशा तीन खुणांनी लिहावा लागतो. म्हणजे ‘धम्म’च्या ३६ खुणा झाल्या. सगळी जागा प्रश्नालाच दिली, तरी मराठीत विचारणाऱ्यास ११३ चिन्हांपलीकडे जाता येत नाही. इंग्रजीत विचारणारा तेवढ्याच जागेत हजारभर अक्षरे लिहितो.