पहिल्या पानावर स्वतःचं नाव

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात दसरा सरला की गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीसाठी सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाहीतर कर्नाटकाची वाट धरतात. काही मुलं आजी-आजोबांपाशी राहतात आणि शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवतात, काही आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात. या घरांमधून पाठ्यपुस्तकं सोडली तर छापलेलं म्हणून जे असतं ते भिंतीवरचं कॅलेंडर आणि एखादी लग्नपत्रिका. शाळेतली नोकरी संपल्यापासून मी आणि माझ्या काही मैत्रिणी इथल्या मुलांना गोष्टींची पुस्तकं देतो. देतो म्हणजे देऊनच टाकतो, परत मागत नाही. असं काम करू पाहणारे अनेक जण सुरुवात कुठून करायची म्हणून विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. पुस्तक मुलाच्या मालकीचं हवं

या मुलांच्या वाट्याला येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुणाची तरी असते. दप्तर थोरल्या भावाचं, स्वेटर मामाच्या मुलाचा, पाठ्यपुस्तकं वर्ष संपलं की धाकट्याला जायची. म्हणून पुस्तक हातात दिलं की आम्ही लगेच पेन देतो आणि पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहायला सांगतो. बहुतेक मुलं नुसत्या नावावर थांबत नाहीत. वडिलांचं नाव, आडनाव, इयत्ता, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, सगळं येतं. तिसरीतली एक मुलगी झाडाखाली बसून पुस्तकाच्या पानापानावर, खालच्या कोपऱ्यात नाव घालत होती. असं का, विचारल्यावर म्हणाली, "भावानं पान फाडून नेलं तरी ते माझंच राहील की."

पुढच्या खेपेला घरी गेलो की पुस्तक कुठे ठेवलंय ते मी आवर्जून बघते. पत्र्याच्या पेटीत, आधारकार्ड आणि रेशनकार्डाच्या पिशवीत. देवळीत, हळदी-कुंकवाच्या डबीमागे. एकाने युरियाच्या गोणीच्या आतलं प्लास्टिक धुऊन त्यात पुस्तक गुंडाळलं होतं आणि वरून सुतळी बांधली होती, कारण त्याच्या घराचा पत्रा गळतो.

मालकीचा हट्ट भावनेपोटी नाही. वाचायला शिकणाऱ्या मुलाला एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचावं लागतं. पहिल्यांदा ते अक्षरं जुळवत असतं, चौथ्या-पाचव्यांदा वाक्य सुटं होतं आणि त्याच्याही पुढे कधीतरी गोष्ट ऐकू यायला लागते. आठवड्याने परत करायचं पुस्तक जेमतेम पहिल्या पायरीपर्यंत नेतं. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हा आकडा आला की शिकवण्यावर चर्चा झडते. शिकवणं महत्त्वाचंच आहे, मी जन्मभर तेच केलं. पण शाळा सुटल्यावर घरी सराव कशावर करायचा, हा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने विचारायला हवा.

आणखी एक. पुस्तक घराला देऊ नका, मुलाला द्या. घरात तीन मुलं असतील तर तीन वेगळी पुस्तकं, तीन वेगळी नावं. घराला दिलेलं पुस्तक थोरल्या मुलाचं होतं आणि बहीण भांडी घासून येईपर्यंत ते मित्राकडे गेलेलं असतं.

२. निवड त्यांनाच करू द्या

शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरायच्या, पुस्तकं पसरायची, मुखपृष्ठ वर ठेवायचं आणि मोठ्यांनी बाजूला व्हायचं. शिक्षकांनीही. "हे घे, हे चांगलंय" असं कुणी म्हणायचं नाही. मुलं आधी नुसती फिरतात. मग उचलतात, चाळतात, ठेवून देतात, मित्राच्या हातातलं बघतात. याला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो.

सातवीतला मुलगा चार ओळींचं, मोठ्या टायपातलं पुस्तक उचलतो तेव्हा शेजारचे हसतात. अशा वेळी मी त्याच्याजवळ जाऊन बसते आणि तेच पुस्तक त्याच्यासोबत बघते. त्याला काय झेपतं हे त्याला कळतं, आणि वर्गातल्या कुणाहीपेक्षा जास्त चांगलं कळतं. मुलं काय उचलतील याचे आमचे अंदाज बहुतेकदा बाजूलाच राहतात. साप, भूत, ट्रॅक्टर, विनोद, घरच्या घरी करायचे विज्ञानाचे प्रयोग यांवर उड्या पडतात. थोरांची चरित्रं मोठ्यांना द्यावीशी वाटतात, मुलं त्यांच्याकडे जरा उशिरा वळतात.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांच्या शाळांत रिचर्ड ॲलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीआधी स्वतः निवडलेली बारा पुस्तकं कायमची द्यायची, असं सलग तीन वर्षं. २०१०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना पुस्तकं मिळाली त्यांचं वाचन न मिळालेल्यांपेक्षा सुधारलं होतं, आणि सगळ्यांत गरीब घरांतल्या मुलांना जास्त फायदा झाला होता. त्यांच्याकडे उन्हाळ्याची सुट्टी, आमच्याकडे उसाचा हंगाम. शाळेपासून लांब गेलेल्या मुलाचं वाचन मागे पडणं दोन्हीकडे सारखंच.

३. कपाटाचं कुलूप

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही असावीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. पुस्तकं येतातही. मग ती जडसंग्रह नोंदवहीत चढतात, कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं. शिक्षकांना दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. बदली झाली की त्या नोंदवहीप्रमाणे एकेक वस्तू मोजून द्यावी लागते आणि कमी भरली तर खुलासा मागितला जातो. ज्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार आहे तो दुसरीतल्या मुलाच्या हातात पुस्तक कसं देईल?

म्हणून आमची पुस्तकं शाळेच्या कुठल्याही नोंदवहीत जात नाहीत. मुख्याध्यापकांना आम्ही हे आधीच सांगतो, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो. एका शाळेतल्या गुरुजींनी तर त्यानंतर आपणहून कपाट उघडलं आणि फाटलेल्या पुस्तकांसाठी खळीची वाटी आणि जुन्या वह्यांच्या पट्ट्या खिडकीत ठेवल्या. मुलं स्वतःच चिकटवतात. फाटलेलं, चुरगळलेलं, तेलाच्या बोटांनी डागाळलेलं पुस्तक बघून मला आनंदच होतो. कोरं करकरीत राहिलेलं पुस्तक दिसलं तर मात्र त्या मुलाशी बोलायला हवं.

४. रद्दी नको

घर आवरताना निघालेली स्पर्धा परीक्षांची गाईडं, कालबाह्य विश्वकोश, इंग्रजी परीकथांची, पानं सुटलेली पुस्तकं "गरीब मुलांना द्या" म्हणून पोत्यांनी पाठवली जातात. आम्ही नम्रपणे परत करतो. ज्या मुलाने आयुष्यात एकही नवं पुस्तक हातात घेतलेलं नाही, त्याचं पहिलं पुस्तक नव्या छपाईच्या वासाचं असावं.

५. वेळ साधावी लागते

बालदिनाला किंवा जानेवारीत पुस्तकवाटप ठेवणं शहरातल्यांना सोयीचं असतं. तोवर इथल्या वर्गातली निम्मी मुलं ट्रकमध्ये बसून गेलेली असतात. पुस्तकं त्याआधी, दसऱ्याच्या आसपास पोहोचायला हवीत.

फडावर जाणाऱ्या मुलाचं पुस्तक कसं असावं, हेही तिथे गेल्यावरच समजतं. पाचट आणि बांबूची कोपी. आत चूल, पिठाचा डबा, गोधड्या, दोरीवर कपडे. पहाटे अंधारात आईबाप तोडीला जातात आणि मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते. जाडजूड पुस्तक इथे निरुपयोगी. पातळ, पिन मारलेलं, गोधडीच्या घडीत राहील असं हवं, आणि अक्षर मोठं, कारण उजेड चुलीचा किंवा विजेरीचा. अशाच एका कोपीबाहेर पाचवीतली एक मुलगी मांडीवर भावाला घेऊन बसली होती. तो पुस्तकातल्या हत्तीवर हात आपटायचा आणि ती दर वेळी त्याच पानावरचं तेच वाक्य वाचायची. तिच्या शिक्षिका नंतर म्हणाल्या की गावी परतल्यावर वर्गात मोठ्याने वाचायला सर्वांत आधी तिचाच हात वर गेला.

६. वाचता न येणारी आजी

मुलं ज्यांच्यापाशी राहतात त्या आज्यांपैकी बहुतेक शाळेत गेलेल्या नाहीत. पुस्तक पुढे केलं की म्हणतात, "मला कुठं वाचता येतंय माय?" मग आम्ही बिनशब्दांचं पुस्तक उघडतो. माधुरी पुरंदरे यांचं 'चित्रवाचन' अशा वेळी फार कामाला येतं. चित्रात बाजार दिसला, घर दिसलं, भांडण दिसलं, की आजी बोलायला लागते आणि नातवंडं तिला आणखी दाखवत राहतात.

लमाण तांड्यावर हे अधिकच जाणवलं. घरात गोरमाटी बोलणारं मूल पहिलीत मराठी पुस्तकासमोर गप्प असतं. तेच मूल आजीने चित्रावरून गोरमाटीत सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी आम्हाला मोडक्यातोडक्या मराठीत सांगतं. घरची भाषा आधी येऊ द्यायला हवी, मराठी तिच्यामागून येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला वारली मुलांसोबत काम करताना मुलांच्या परिसरातल्या वस्तू, गाणी आणि बोली वर्गात आणली, त्याला आता पाऊणशे वर्षं होत आली. आपण अजून तिथेच चाचपडतो याचं मला वाईट वाटतं.

७. "तात्पर्य काय?" विचारू नका

मुलाने पुस्तक मिटलं की मोठ्यांच्या तोंडून हमखास हा प्रश्न येतो. त्यानंतर सारांश लिहा, नवे शब्द लिहा, चाचणी घ्या. दोन-तीन वेळा असं झालं की मूल पुस्तक वाचल्याचं सांगायचंच बंद करतं. विचारायचंच असेल तर "यातलं कुठलं चित्र आवडलं?" एवढं पुरे, आणि तेही त्याला बोलायचं असेल तर.

त्यापेक्षा मोठ्याने वाचून दाखवा. रोज, थोडं, आवाज बदलून.

८. "फोनवर सगळं मिळतं की"

हे मला सुशिक्षित लोक सर्वांत जास्त ऐकवतात. फोनवर चांगलं साहित्य आहे, हे खरंच. 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी मोफत मिळतात, आणि त्यांचा परवाना मुक्त असल्यामुळे त्या छापून वाटताही येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंकही जालावर वाचायला मिळतात. आम्ही दोन्हींचा उपयोग करतो. पण घरात एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर फडावर गेलेला असतो. रिचार्ज संपलेला असतो. फोन हातात आलाच तर मुलं व्हिडिओ बघतात, त्यात त्यांचा काय दोष? फोनवरचं साहित्य शिक्षकांसाठी उत्तम आहे. मुलाच्या हातात मात्र कागदच द्यावा, निदान पहिली काही वर्षं.

९. एकदा देऊन भागत नाही

एक पुस्तक पाठ झालं की मूल दुसरं मागतं, आणि ते नसेल तर वाचनाची ओढ हळूहळू विरते. प्रत्येक मुलाला वर्षाला किमान चार पुस्तकं मिळावीत, असा आमचा प्रयत्न असतो. हे चौथीपर्यंत टिकलं तर घरात लहानसा ढीग होतो आणि मग अदलाबदल मुलंच सुरू करतात. "तुझं वाघाचं दे, माझं चांदण्यांचं घे." पण नाव ज्याचं त्याचंच राहतं, आणि पुस्तक त्याच्याकडे परतही येतं. हे नियम आम्ही शिकवलेले नाहीत.

पैसे लागतात, पण लोकांना वाटतात तितके नाही. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं आणि प्रथमची चित्रपुस्तकं हॉटेलातल्या एका जेवणापेक्षा स्वस्त पडतात. एकत्र मागवली तर प्रकाशक सवलतही देतात. मात्र त्यातली दोन-चार तरी उत्तम कागदाची, देखण्या चित्रांची, थोडी महाग असू द्या. या मुलांना सुंदर वस्तू कळते.

१०. सुरुवात करायची असेल तर

भाद्रपदातच एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांना भेटा आणि इयत्तेनुसार पट मागून घ्या. कोण फडावर जाणार, कोण गावात राहणार, हे त्यांना घरनिहाय माहीत असतं. पटापेक्षा थोडी जास्तच पुस्तकं न्या, म्हणजे शेवटच्या मुलालाही निवडायला काही उरेल. अंगणवाडीतली भावंडं दाराशी येऊन उभी राहतात, त्यांच्यासाठी वेगळा गठ्ठा ठेवा. फोटो, बॅनर, सत्कार, भाषण टाळा. मुलांचा वेळ पुस्तकं चाळण्यात जाऊ द्या. आणि खोकाभर पेनं न्यायला विसरू नका, नावं लिहायला एकाच वेळी पन्नास हात पुढे येतात.