प्राणवायू संपेल काय?

जंगले नष्ट झाल्यास पृथ्वीवरील प्राणवायू संपेल, अशी भीती वारंवार व्यक्त केली जाते. वस्तुतः हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असून हा साठा कोट्यवधी वर्षांत जमला आहे. जंगले निर्माण करतात जवळजवळ तितकाच प्राणवायू तेथील जीवांच्या श्वसनात व पालापाचोळा कुजण्यात खर्ची पडतो. ओझाकी व राइनहार्ड या शास्त्रज्ञांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार हा साठा आणखी सुमारे शंभर कोटी वर्षे पुरेल.

तुटवडा भासतो तो गावातच. तळ्यात सांडपाणी कुजू लागले की पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपतो व मासे मरतात. वापरात नसलेल्या विहिरीत उतरलेला माणूस गुदमरतो. म्हणून सांडपाणी तळ्यात जाऊ न देणे आणि हवा तपासल्यावाचून कोणासही विहिरीत उतरू न देणे, हे ग्रामपंचायतींचे कर्तव्य ठरते.