कळवतो म्हणाले की कळवायचं

चि. सोनू,

काल फोनवर तू रडलीस आणि मला धड काही बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. तीन महिने तू आणि तो मुलगा भेटत होतात, त्याच्या आईशीही तू बोललीस, आणि एके दिवशी त्याने फोन घेणंच बंद केलं. मेसेज वाचतो, उत्तर देत नाही. ‘आत्या, माझं काय चुकलं?’ असं विचारलंस. बाळा, तुझं काही चुकलेलं नाही.

तू कांदेपोह्यांना नाही म्हणालीस तेव्हा तुझ्या बाबाशी मीच भांडले होते. आजही भांडेन. १९७९ साली मला बघायला आले होते. आईने पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पेरली, ट्रे हातात दिला आणि उंबऱ्यापाशी कानात म्हणाली, ‘मान खाली.’ मुलाच्या मामांनी दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. मग सुई-दोरा मागवला, माझी नजर तपासायला. हात इतका थरथरत होता की दोरा ओवताच आला नाही. मुलगा बशीतले शेंगदाणे कडेला सारत बसला होता. हे तुझ्या वाट्याला कधीही येऊ नये.

आणि ही रीत फार पुरातन होती असंही नाही. माझ्या आईच्या आईला कुणी बघायलाच आलं नव्हतं. शारदा कायदा (नाटकातल्या शारदेचा नव्हे, हरविलास सारडांचा) १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलगी किमान चौदा वर्षांची हवी असं ठरलं, तर मधल्या महिन्यांत लोकांनी घाईघाईने पोरींची लग्नं उरकून घेतली. आजी त्याच घाईतली, अकरा वर्षांची. पुढे मुलींची वयं वाढली, त्या शिकल्या, तेव्हा कुठे त्यांना समोर बसवून दोन प्रश्न विचारायची पाळी आली.

या रीतीतलं काही गेल्याची मला हळहळ वाटते, तर ती मधल्या माणसाची. आमच्याकडे पोस्टात नोकरीला असलेले एक काका स्थळं आणायचे. आणण्याआधी मुलाच्या ऑफिसात, शेजारीपाजारी, अगदी वाण्याकडेसुद्धा चौकशी करायचे. पितो का, उधारी थकलीय का, घरात आवाज चढवतो का. आणि मुलाकडचे बघून गेले की आठ-पंधरा दिवसांत त्यांच्याकडून उत्तर काढायचे. माझ्या त्या स्थळाचं कार्ड आलं, ‘पत्रिका जुळत नाही.’ पत्रिका आधीच जुळवलेली होती, दोन्ही घरांना ठाऊक होतं. माझ्या वडिलांनी कार्ड वाचलं, माझ्या हातात दिलं, मग खिडकीजवळच्या तारेत खोचलं. मी दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी बी.एड.चा फॉर्म आणला. कारण खोटं होतं, पण उत्तर आलं होतं. पोस्टमनच्या सायकलीकडे कान लावून बसणं तरी संपलं.

तुमच्यात आता मधला माणूस नाही, तेव्हा त्याचं काम तुलाच करायचंय. लाजू नकोस. त्याच्या मित्रांना भेट, घरी जा, पाणी आणून देणाऱ्या आईशी तो कसा बोलतो ते बघ. कर्ज किती, आईवडील कुणाकडे राहणार, मूल हवंय का, हे तिसऱ्या भेटीपर्यंत विचारून घे. आमच्या बैठकीत देण्याघेण्याच्या याद्या व्हायच्या, त्या गेल्या ते फार बरं झालं. पण पैशाचं उघड बोलायचं असतं, एवढं त्यातलं ठेव.

आणि एक विचारते, रागावू नकोस. दिवाळीत त्या नाशिकच्या मुलाविषयी म्हणाली होतीस, ‘जमत नाहीये गं, मी रिप्लायच देत नाही आता.’ त्याला पुढे काही कळवलंस का? नसशील, तर आजच दोन ओळी लिही. उशीर झाला म्हणून माफी माग आणि ‘मला पुढे जायचं नाही’ एवढं स्पष्ट लिही. पत्रिकेचं कारण देऊ नकोस.

रविवारी येते आहेस ना? सकाळी लवकर निघालीस तर जेवायला पोचशील.

तुझी,
आत्या