गंजातल्या दुकानासाठी आत्याचा कानमंत्र

मन्या, हजरतगंजात दुकान थाटलंस, पाटी झळकली, चिकनकारीचे कुर्ते टांगले. आता कारखाने-कचेऱ्यांत केस पिकवलेल्या आत्याचं थोडं ऐक. चुका माझ्या, शहाणपण तुझं.

1. आधी माणसं मोज, शिकाऊ मुलगी आणि रोजंदारीचा पोऱ्याही धरून – 10 भरली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमायलाच हवी, असं 2013 चा कायदा सांगतो.

2. 10 च्या आत आहेस म्हणून सुटलास असं नाही – मग तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, खुद्द मालकाविरुद्धचीही. तिचा पत्ता मुलींना आजच देऊन ठेव.

3. समितीची अध्यक्ष वरिष्ठ बाईच हवी, निम्म्या तरी बायका हव्यात आणि एक जाणकार बाहेरचा – घरच्या तराजूत शेजारचं वजन असलं की माप खरं उतरतं.

4. हे निवांत दिवसांत उरकून टाक, दिवाळीच्या गर्दीत नको – छत्री उन्हातच शिवावी. समिती नसली तर 50,000 रुपयांपर्यंत दंड, पुन्हा चुकलास तर दुप्पट.

5. समितीच्या नावांचा कागद दर्शनी भिंतीवर लाव – माझा एकदा गोदामात, कॅलेंडरच्या मागे सापडला. पाल तेवढी वाचत होती.

6. रात्री दुकान वाढवल्यावर मुलींना दुकानाच्या गाडीने सोडतोस ना, तर चालकालाही नियम समजाव – कायद्याच्या लेखी ती गाडी म्हणजे कामाचीच जागा.

7. कुणी कुजबुजत काही सांगायला आली, तर ‘जरा सांभाळून घे’ म्हणू नकोस – मी एकीला तेच म्हटलं. पुढच्या सोमवारी तिचा डब्याचा कोनाडा रिकामा होता.

8. तक्रार लिहून द्यायला तिला मदत कर – मुदत 3 महिन्यांची. सबळ कारण असेल तर समिती आणखी 3 महिने देऊ शकते.

9. चौकशी 90 दिवसांत संपव, पण दोघांचंही नीट ऐकून – गोवा विद्यापीठातली घाईने उरकलेली चौकशी सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये पुन्हा समितीकडे धाडली.

10. नावं चहाच्या टपरीवर नेऊ नकोस, गुप्तता पाळणं कायद्यानेच बांधलंय – चहा निवत जातो, बातमी तापत जाते.

आज कुलूप लावण्याआधी तो कागद भिंतीवर डकव, मन्या. आणि जरा वर लाव, कुर्त्यांच्या मागे झाकला जाईल असा नको.