किंमत वाढलेली जमीन, सदका आणि कराचा हिशेब

कराडच्या एका गृहस्थांनी जुम्याच्या नमाजनंतर मला थांबवून विचारले, "मौलाना, महामार्गालगतचा प्लॉट मदरशाला द्यावा म्हणतो. विकला तर कर भरावा लागेल. दिला तर करात सूटही आणि सवाबही. जायज आहे ना?" सांगलीहून अमेरिकेत गेलेल्या भाच्याने त्यांना तिकडची रीत सांगितली होती. तेथे दीर्घकाळ बाळगलेली, किंमत वाढलेली मालमत्ता थेट धर्मादाय संस्थेस दिली, तर वाढीवर कर लागत नाही आणि बाजारभावाएवढी वजावटही ठरावीक मर्यादेत मिळते.

आपल्याकडे तसे नाही. समजा, 2005 साली पाच लाखांस घेतलेला प्लॉट आज चाळीस लाखांचा आहे. तो विकल्यास पस्तीस लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी सुमारे 4 लाख 37 हजार रुपये कर आणि वर उपकर. तोच प्लॉट बक्षीसपत्राने वा वक्फ करून दिला, तर देणाऱ्यावर हा कर बसत नाही. परंतु कलम 80जीची वजावट केवळ पैशाच्या देणगीला आहे, जमिनीला नाही. रोखीने दिलेल्या दोन हजारांवरील रकमेलाही नाही. नवी करप्रणाली निवडणाऱ्यास ती मुळीच मिळत नाही. शिवाय एका विशिष्ट धर्मसमुदायाच्या लाभासाठी असलेली संस्था या कलमात बसत नाही. म्हणजे भाच्याने सांगितलेल्या दोन लाभांपैकी एकच इथे उरतो.

तो घेण्यास शरीअतची हरकत नाही. कायद्याने दिलेली सवलत घेतल्याने सदका बाद होत नाही. मात्र सवलत नसती तरी दिले असते का, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. थोडी रक्कम देऊन मोठ्या रकमेची पावती घेणे ही वेगळी गोष्ट. ते सरळ खोटे आहे, आणि पावती फाडणारा त्यात भागीदार आहे.

हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये जमीन मिळाली. तिच्याहून मोलाची मालमत्ता त्यांना कधी लाभली नव्हती. तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषित (स.) यांना विचारले, तेव्हा मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न दान करण्याचा सल्ला मिळाला. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. उत्पन्न गरीब, नातलग, प्रवासी, पाहुणे यांच्यासाठी. आपल्या वक्फचा पाया हाच. आज मात्र तोंडी शब्द पुरत नाही; 2025 च्या दुरुस्तीनंतर लेखी वक्फनाम्याशिवाय नवा वक्फ करता येत नाही.

मी त्या गृहस्थांना विचारले, "प्लॉट घेतला कशासाठी?" म्हणाले, "भाव आला की विकायचा म्हणून." मग तो व्यापाराचा माल ठरतो, आणि त्यावर दरवर्षी त्या वर्षीच्या बाजारभावाने अडीच टक्के जकात आहे, चाळीस लाखांवर एक लाख. घर बांधण्यासाठी घेतला असता तर ही जकात नव्हती. त्यांनी एकाही वर्षी दिली नव्हती. मदरशाच्या इमारतीला जमीन देऊन ती फिटतही नाही, कारण हनफी फिकहनुसार जकातीत गरजूला त्या मालाचा मालक करावे लागते. चेहरा उतरला त्यांचा. करापेक्षा मोठे देणे अंगावर आहे, हे त्यांच्या ध्यानीही नव्हते.

मग मुलींचा विषय निघाला. त्यांना तीन मुली, आणि या प्लॉटखेरीज फारसे काही नाही. हजरत सअद (रजि.) आजारपणात सारी संपत्ती दान करू इच्छीत होते; त्यांना एकच मुलगी होती. प्रेषितांनी (स.) तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच अनुमती दिली, आणि तोही पुष्कळ आहे असे सांगितले. धडधाकट माणसाला हयातीत अधिक देता येते हे खरे. पण मुलींना वंचित ठेवण्यासाठी देणे गुनाह आहे.

त्यांनी प्लॉट विकायचे ठरवले आहे. आधी कर, मग मागील वर्षांची जकात. मदरशाला किती द्यायचे, ते मुलींसमोर बसून ठरेल.