अंतराळांतून येणारा आवाज

सायंकाळीं किंवा पहांटे निरभ्र आकाशांत एखादा तेजस्वी ठिपका, न लुकलुकतां, संथपणें एका दिशेकडून दुसरीकडे जातांना आपल्यापैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. तो तारा नसून बहुधा मनुष्यांनीं बांधिलेलें आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक असतें. नोव्हेंबर २००० पासून तेथें माणसांचें वास्तव्य अखंड चालू आहे. तेथील माणसाशीं शाळेंतील मुलांस बोलतां येईल काय? येतें, आणि तेंहि साध्या बिनतारी यंत्रानें.

धंद्यासाठीं नव्हे, तर केवळ आवडीनें, सरकारी परवाना घेऊन बिनतारी यंत्रावर परस्परांशीं बोलणाऱ्या लोकांस हौशी रेडिओचालक म्हणतात. अशांपैकींच ओवेन गॅरियट हे अमेरिकन अंतराळवीर होते. इ. स. १९८३ मध्यें ‘कोलंबिया’ यानांतून जातांना त्यांनीं हातांत मावेल एवढें यंत्र बरोबर नेलें आणि पृथ्वीवरील हौशी मंडळींशीं संभाषण केलें. पुढें २१ डिसेंबर २००० रोजीं शिकागोजवळील एका शाळेच्या मुलांनीं अंतराळस्थानकावरील बिल शेपर्ड यांच्याशीं बोलून नव्या परंपरेस आरंभ केला.

आतां हें संभाषण कसें घडतें तें पाहूं. स्थानक सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरून दर सेकंदास साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवतें व सुमारें दीड तासांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करितें. येथें वापरतात त्या रेडिओलहरी प्रकाशाप्रमाणें सरळ रेषेंत जातात. म्हणून स्थानक क्षितिजाच्या वर असेल तोंवरच बोलणें शक्य; आणि तो अवधि फार तर दहा मिनिटांचा. शिवाय, येणाऱ्या आगगाडीची शिटी चढ्या सुरांत व जाणाऱ्या गाडीची उतरत्या सुरांत ऐकूं येते, तद्वत् या लहरींची कंपनसंख्याहि किंचित् बदलते. ती सांभाळावी लागते व आकाशकाडी स्थानकाकडे सतत वळवावी लागते.

या यंत्रावर एका वेळीं एकानेंच बोलावयाचें असतें. म्हणून प्रश्न संपतांच विद्यार्थी ‘ओव्हर’ म्हणतो आणि बटण सोडून ऐकूं लागतो. आरंभीं चालक हांक मारतो, तेव्हां नुसती खरखर ऐकूं येते; सर्वांचा श्वास रोखलेला असतो. पुन्हां हांक, पुन्हां खरखर. आणि अकस्मात् स्पष्ट मनुष्यवाणी! मग रांगेंत उभीं असलेलीं मुलें एकामागून एक विचारतात: तेथें झोंप कशी घेतां? रडल्यास अश्रु खालीं पडतात काय? अखेरीस स्थानक क्षितिजाखालीं जाऊं लागतें व आवाज खरखरींत बुडून जातो. एकानें लांबण लाविली, तर रांगेंतील शेवटच्या मुलाचा प्रश्न कायमचा राहून जातो.

इ. स. २०२५ च्या जुलैंत शुभांशु शुक्ला, या स्थानकावर पोंचलेले पहिले भारतीय, यांनीं भारतांतील विद्यार्थ्यांशीं असेंच संभाषण केलें.

विद्यार्थिमित्रहो, यंत्रापेक्षां यांतील शिस्तच अधिक मोलाची आहे. दहा मिनिटांच्या बोलण्यासाठीं कित्येक महिने तयारी करावी लागते. मोजक्या शब्दांत नेमकें विचारावें, उत्तर लक्षपूर्वक ऐकावें आणि आपल्यामागें उभ्या असलेल्यासाठीं वेळ राखावा, हा धडा गिरविण्यास अंतराळस्थानकाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. वर्गांत व घरींहि तो गिरवितां येईल.